पहिला डीएसएलआर, तीन आठवडे झाले : मजा येतेय पण घरातले फोटो हलतात

खिडकीजवळ

नमस्कार मंडळी, इथले जुने धागे बरेच दिवस वाचतेय, लिहितेय मात्र पहिल्यांदाच. मामाने मिररलेस (आत आरसा नसलेला कॅमेरा) घेतला आणि त्याचा आधीचा डीएसएलआर (आत आरसा असलेला, लेन्स बदलता येणारा) माझ्याकडे आला, एन्ट्री लेव्हलचाच आहे, २४ मेगापिक्सेल, सोबत १८-५५ ची किट लेन्स (कॅमेऱ्याबरोबर येते ती साधी झूम लेन्स), एक बॅटरी, चार्जर आणि पट्टा. तीन आठवडे झाले, रोज हातात असतो.

आधी जे आवडलं ते सांगते. आजवर मी जे काही फोटो काढले ते सगळे हात लांब करून फोनच्या स्क्रीनकडे बघत काढले. यात डोळा लावला की बाकीची खोली नाहीशी होते, समोर फक्त ती चौकट उरते आणि आत जे दिसतं ते खरंखुरं, काचेतून दिसल्यासारखं. मी कितीतरी वेळा फोटो न काढता नुसतीच डोळा लावून बसलेय. दुसरं म्हणजे बटण दाबल्यावरचा तो आवाज, आतला आरसा वर जाऊन खाली येतो तो हाताला जाणवतो आणि तेवढ्या क्षणापुरतं आत काळोख होतो. म्हणजे ज्या क्षणाचा फोटो निघतो नेमका तोच क्षण आपल्याला दिसत नाही! हे लक्षात आलं तेव्हा मला फार गंमत वाटली, मी घरात सगळ्यांना बोलावून दाखवलं. आणि बॅटरी! तीन आठवड्यांत दोनदाच चार्ज केलीये.

आता अडचणी. माझी भाची चार वर्षांची आहे, संध्याकाळी घरात नुसती पळत असते, तिचे ऑटो मोडवर काढलेले सगळे फोटो हललेले. पन्नास काढले तर त्यातले दोन बरे, ते पण ती बसलेली असताना. ऑटोमध्ये कधीकधी फ्लॅश आपोआप टपकन वर येतो, मग हललेलं नसतं पण तिचा चेहरा पांढराफटक आणि मागची सगळी खोली अंधारात. शिवाय फोकस कधीकधी तिच्यावर न बसता पुढच्या खुर्चीच्या पाठीवर बसतो. तोच फोटो फोनवर काढला तर उजळ आणि चटकदार येतो, त्यामुळे घरचे म्हणतात एवढं वजन गळ्यात कशाला. अजून एक, व्ह्यूफाइंडरमधून मला थोडं धूसर दिसतं, पण फोटो बघितला की स्पष्ट असतो, हे कसं काय?

लेन्स बदलायची वेळ आलीय की माझंच काही चुकतंय? भारीतलं तंत्र सांगितलंत तरी चालेल, शिकायची तयारी आहे, फक्त जरा उलगडून सांगा.

जुनी_लेन्स

स्वागत आहे. आरसा वर गेल्यावरचा काळोख तुम्हाला पहिल्या तीन आठवड्यांतच खटकला हे वाचून बरं वाटलं, वर्षानुवर्षं कॅमेरा वापरून हे कधी मनात न आलेली माणसं मला माहीत आहेत.

धूसर व्ह्यूफाइंडरचं आधी सांगतो कारण ते दोन मिनिटांचं काम आहे. डोळा लावतो त्या रबराच्या शेजारी, बहुतेक उजव्या हाताला वरच्या बाजूला, एक इवलंसं चाक किंवा सरकणारी खिट्टी असते. ते डायॉप्टर. मामांनी स्वतःच्या डोळ्याच्या नंबरप्रमाणे ते लावलेलं असणार. बटण अर्धं दाबा म्हणजे खाली आकडे उजळतील, आता समोरचं दृश्य बघू नका, त्या आकड्यांकडे आणि फोकसच्या चौकोनांकडे बघा आणि ते धारदार दिसेपर्यंत चाक फिरवा. चष्मा लावून काढणार असाल तर चष्म्यासकट फिरवा. फोटो स्पष्ट येत होते कारण कॅमेऱ्याचा फोकस आपल्या डोळ्यावर अवलंबून नसतो, तो आत खाली असलेल्या, फोकससाठीच्या वेगळ्या सेन्सरवर ठरतो.

हललेल्या फोटोंसाठी एक काम करा. त्यातला एक फोटो कॅमेऱ्यात उघडा आणि माहिती दाखवणारा डिस्प्ले चालू करा, त्यात चार आकडे दिसतील, किती एमएम (म्हणजे झूम किती केलं होतं), अपर्चर किती (लेन्सचं भोक किती उघडं, हा आकडा एफ लावून लिहितात), शटर स्पीड किती (शटर किती वेळ उघडं) आणि आयएसओ किती (कॅमेऱ्याने उजेड किती वाढवून घेतला, आकडा मोठा तर फोटो उजळ पण दाणेदार). ते इथे लिहा. बाकी लेन्स घेऊ नका अजून, आधी आकडे बघू.

खिडकीजवळ

चाक सापडलं!! मी तीन आठवडे त्याच्यावर अंगठा टेकवत होते आणि मला वाटायचं तो स्क्रू आहे. फिरवलं आणि आतले चौकोन असे लख्ख दिसले, चष्म्यासकट. खूप खूप आभार.

आकडे : ५५ एमएम, एफ ५.६, १/४०, आयएसओ १६००. दुसरा एक बघितला तो पण जवळपास असाच, १/३०. फ्लॅश बंदवाल्या मोडवर होते. लेन्सच्या खोक्यावर तर लिहिलंय की हलणं कमी करायची सोय लेन्समध्येच आहे, मग तरी का?

जुनी_लेन्स

मिळालं उत्तर. १/४० म्हणजे शटर एका सेकंदाचा चाळिसावा भाग उघडं होतं. तेवढ्यात पळणारं पोर दोन-तीन सेंटीमीटर सहज पुढे सरकतं आणि हात तर त्याहून जास्त. तो सगळा प्रवास त्या एका फोटोत उमटतो.

लेन्समधली सोय आहे ती तुमचा हात हलतो त्यासाठी. निकॉन तिला व्हीआर म्हणतं, कॅनन आयएस म्हणतं. आतला काचेचा एक गट थोडा सरकून हाताची थरथर भरून काढतो. समोरचा माणूस हलला तर ती काही करू शकत नाही. तुमच्या फोटोत खुर्ची, भिंत, कपाट स्पष्ट असेल आणि फक्त भाची पुसटलेली असेल तर तेच झालंय. सगळंच पुसट असेल तर हात हललाय. दोन्हींवरचे उपाय वेगळे, त्यामुळे डिलीट करण्याआधी फोटो मोठा करून मागची भिंत बघायची सवय लावा.

हातासाठी जुना ठोकताळा असा की शटर स्पीड हा लेन्सच्या एमएमइतका तरी हवा. फिल्मच्या काळात ५० एमएमला १/५० किंवा १/६०. आपल्या कॅमेऱ्यांचा सेन्सर (फिल्मच्या जागी फोटो टिपणारी चिप) त्या फिल्मपेक्षा लहान, फिल्म ३६ बाय २४ मिलीमीटर आणि निकॉनचा हा साधारण २३.५ बाय १५.६, कॅननचा २२.३ बाय १४.९. म्हणून दीडपट किंवा १.६ पट धरायचं, ५५ ला १/८० च्या आसपास. पण हे स्थिर वस्तूंसाठी. पळणाऱ्या मुलाला १/२५० च्या खाली जाऊ नका, उड्या मारत असेल तर १/५००.

आता यासाठी मोडच्या चाकावर एस वर या, कॅननवर टीव्ही लिहिलेलं असतं. त्यात शटर स्पीड तुम्ही ठरवायचा, अपर्चर कॅमेरा ठरवेल. आयएसओ ऑटोवर, वरची मर्यादा ६४०० लावा.

आणि एक गोष्ट, जी मला वाटतं तुम्हाला सगळ्यात जास्त उपयोगी पडेल. किट लेन्स १८ एमएमला एफ ३.५ पर्यंत उघडते आणि ५५ ला फक्त ५.६ पर्यंत. हे दोन आकडे लेन्सच्या तोंडावरच लिहिलेले असतात. हिशोब केलात तर १८ ला अडीच पट जास्त प्रकाश आत येतो. तेव्हा दूर बसून झूम करू नका. झूम पूर्ण मागे घ्या, उठा आणि तिच्या जवळ जा, जमिनीवर बसा, तिच्या डोळ्यांच्या उंचीवर या. १/४० वरून १/२५० ला गेलात की सहा पट प्रकाश कमी होतो, त्यातला अडीच पट तुम्ही नुसत्या पुढे चालत जाण्याने परत मिळवला, उरलेल्यासाठी आयएसओ १६०० चा ४००० च्या आसपास जाईल. चालतंय तेवढं. फक्त चेहरा फ्रेमच्या अगदी कडेला ठेवू नका, १८ ला तिथे तो ताणल्यासारखा येतो.

पाखरूवेडा

जुनी_लेन्स यांच्याशी बाकी सहमत पण एस मोडबद्दल नाही. माझ्या मते नवीन माणसाने ए मोडवरच राहावं (कॅननवर एव्ही, यात अपर्चर आपण ठरवायचं, शटर कॅमेरा ठरवतो), कारण एकदा बाहेर गेलं की उजेडात अपर्चर हातात असणं जास्त शिकवतं. एस मोडमध्ये कमी उजेडात अपर्चर तसंही पूर्ण उघडंच राहणार, तुम्ही ठरवताय काय मग? निकॉनच्या मेनूत ऑटो आयएसओच्या आत कमीत कमी शटर स्पीड ठरवायची सोय आहे, तिथे १/२५० टाका आणि ए वर राहा, दोन्ही कामं होतात. सगळ्या बॉडींमध्ये (म्हणजे लेन्स सोडून नुसत्या कॅमेऱ्यात) ती सोय नसते, नसेल तर मग एस ठीक.

आयएसओला मात्र घाबरू नका हो. मी पक्ष्यांचे फोटो काढतो, पहाटेच्या उजेडात ६४०० ला कितीतरी काढलेत. दाणे दिसतात, दिसू देत. दाणेदार फोटो नंतर सुधारता येतो, कॉम्प्युटरवर नॉइज (हेच दाणे) कमी करता येतो, छोटा करून शेअर केला तर कळतही नाही. हललेला फोटो मात्र हललेलाच राहतो, त्याला जगात औषध नाही. मी पहिलं अख्खं वर्ष आयएसओ ८०० च्या वर जायचं नाही असं कोणाचं तरी ऐकून बसलो आणि त्या वर्षीचे खंड्याचे, वेडा राघूचे चांगले चांगले प्रसंग सगळे पुसट करून ठेवले. आजही ते फोल्डर उघडवत नाही.

फोकसचं. तुमचा कॅमेरा आत्ता सगळे पॉइंट आपले आपण निवडतोय, आणि या वर्गातल्या कॅमेऱ्यांना जवळची, ठळक रेषांची वस्तू पहिली सापडते. खुर्चीची पाठ म्हणजे त्याला आयतं गिऱ्हाईक. ऑटो मोड सोडला की फोकस एरियाच्या सेटिंगमध्ये सिंगल पॉइंट करा आणि सुरुवातीला मधलाच पॉइंट वापरा. एन्ट्री लेव्हलच्या बऱ्याच कॅमेऱ्यांत ९ किंवा ११ पॉइंट असतात, त्यात बहुतेक मधला एकटाच क्रॉस टाइप असतो म्हणजे आडव्या-उभ्या दोन्ही रेषा त्याला कळतात, कमी उजेडात तोच भरवशाचा. डोळ्यावर मधला पॉइंट ठेवा, बटण अर्धं दाबा, बीप होईल, तसंच अर्धं दाबून ठेवून फ्रेम हवी तशी सरकवा आणि मग पूर्ण दाबा. हे बसलेल्या माणसासाठी. पळणाऱ्यासाठी एएफ-सी लावा, कॅननवर त्याला एआय सर्व्हो म्हणतात, त्यात बटण अर्धं धरून ठेवलं की तो फोकस सतत जुळवत राहतो, तिथे फ्रेम सरकवायची नाही, पॉइंट तिच्यावरच ठेवून तिच्याबरोबर फिरायचं. पहिले दोन दिवस जमणार नाही. रस्त्यावरच्या सायकलींवर सराव करा.

जुनी_लेन्स

पाखरूवेडा, मान्य, ऑटो आयएसओमध्ये शटरची मर्यादा लावता येत असेल तर ए बरा. माझी भीती एवढीच होती की दोन मेनू आत जाऊन केलेलं सेटिंग नवीन माणूस विसरतो आणि मग दिवसा बाहेर कॅमेरा असा का वागतोय ते कळत नाही. एस वर असलं की आकडा कायम डोळ्यासमोर राहतो.

प्रकाशवाट

खिडकीजवळ ताई, फोनचा मुद्दा कोणी घेतला नाही म्हणून लिहिते. घरचे जे म्हणतात ते मी पण ऐकलंय, आणि त्यांचं निरीक्षण चूक नाहीये. फोनचा कॅमेरा एक फोटो काढत नाही, एकापाठोपाठ अनेक फ्रेम घेतो, त्या एकमेकांवर बसवतो, सावल्या उजळतो, आकाश सांभाळतो, धार काढतो, रंग चढवतो आणि हे सगळं तुम्ही बोट उचलायच्या आत. आपला डीएसएलआर एकच फ्रेम घेतो आणि ती बऱ्यापैकी साधी ठेवतो. त्यामुळे फोनच्या स्क्रीनवर शेजारी शेजारी ठेवले की फोन जिंकतो. पण तोच फोटो कॉम्प्युटरवर उघडा आणि केसांपाशी, पापण्यांपाशी मोठा करा. फोनचे केस रंगाच्या फराट्यांसारखे दिसतील. आपल्याकडे सेन्सरचं क्षेत्रफळ मोठं आहे, साध्या कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यात असतो तो १/२.३ इंची सेन्सर साधारण २८ चौरस मिलीमीटरचा, आणि आपला ३६० च्या आसपास. जवळपास तेरा पट. हल्लीच्या महाग फोनमध्ये सेन्सर त्यापेक्षा मोठे आलेत पण आपल्याएवढे नाहीत.

अपर्चर म्हणजे काय ते पण सांगते कारण मला ते कळायला फार वेळ लागला. तो भागाकार आहे. लेन्सच्या एमएमला भोकाच्या रुंदीने भागलं की तो आकडा येतो. ५० एमएमची लेन्स एफ २ ला असेल तर भोक २५ मिलीमीटरचं, एफ १० ला असेल तर ५ मिलीमीटरचं. आकडा मोठा तर भोक लहान, हे उलटं का ते मला त्या दिवशी लख्ख कळलं. लेन्स काढून हातात घेतली आणि आत बघितलं तर त्या काळ्या पात्या दिसतात, एकावर एक सरकवून ठेवलेल्या. माझ्याकडे एक जुनी मॅन्युअल लेन्स आहे जिच्यावर अपर्चरची रिंग आहे, ती फिरवली की पात्या उघडतात मिटतात, अगदी मांजराच्या डोळ्यासारख्या, एफ ३.५, ४, ५.६, ८, ११, १६, २२, प्रत्येक टिचकीला प्रकाश निम्मा (३.५ ते ४ सोडून, ती लहान पायरी आहे). हे एकदा डोळ्यांनी बघितलंत की पाठ करायला लागत नाही.

उजळपणासाठी अधिक-उणे असं चिन्ह असलेलं बटण शोधा. ते दाबून धरून चाक फिरवायचं. कॅमेऱ्याला समोर काय आहे ते माहीत नसतं, तो सगळं सरासरी मध्यम करड्या रंगाचं असेल असं धरून प्रकाश मोजतो. त्यामुळे भाची पांढऱ्या भिंतीसमोर असली की भिंत करडी आणि मूल काळवंडलेलं येतं, तिथे अधिक ०.७ किंवा अधिक १ करा. काळी मांजर काळ्या सोफ्यावर असली की उलटं, उणे करा. ऑटो मोडमध्ये बहुतेक कॅमेरे हे बटण चालूच देत नाहीत, म्हणून पण ऑटोतून बाहेर या.

फ्लॅश आपोआप वर येतो तो पण ऑटोमुळेच, ए किंवा एस वर तो तुम्ही वर केल्याशिवाय येणार नाही. चेहरा पांढरा आणि मागे अंधार का, तर तो लहानसा दिवा आहे आणि त्याचा प्रकाश अंतराबरोबर झपाट्याने घटतो, अंतर दुप्पट झालं की प्रकाश पाव होतो. चेहरा दीड मीटरवर आणि भिंत तीन मीटरवर, मग भिंतीला पावच मिळणार.

तिपाई

रॉ मध्ये (सेन्सरने टिपलेली कच्ची फाइल) काढा, पहिल्या दिवसापासून. जेपेगमध्ये (नेहमीची तयार फोटो फाइल) प्रत्येक रंगाच्या २५६ छटा, रॉ मध्ये १२ बिट असेल तरी ४०९६. बास.

प्रकाशवाट

तिपाई, तुमचं गणित बरोबर आहे पण मी नवीन माणसाला हे सांगणार नाही. एक रॉ फाइल २०-२५ एमबीची, ती फोनवर सरळ पाठवता येत नाही, आणि जोपर्यंत बसून प्रोसेस करत नाही तोपर्यंत ती जेपेगपेक्षा फिकीच दिसते. पहिल्या महिन्यात माणसाने फोटो काढावेत, कॉम्प्युटरपुढे बसू नये. हवं तर रॉ अधिक जेपेग असं दोन्ही ठेवा, जेपेग आज बघा, रॉ फाइली वर्षभराने उघडा. तोवर शिकलेलं असेल आणि हेच फोटो नव्याने काढल्यासारखे उजळून निघतील, माझे निघाले.

तिपाई

हे मान्य. दोन्ही ठेवा. मोठं कार्ड घ्या आणि ते कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा, कॉम्प्युटरवर नाही.

सहज_आलो

मध्येच विचारतो, आता सगळे मिररलेसकडे चाललेत, नवीन डीएसएलआर निघणं जवळपास थांबलंय, मग यात वेळ घालवण्यात अर्थ आहे का? मी पण घ्यायच्या विचारात आहे.

जुनी_लेन्स

शटर, अपर्चर, आयएसओ, प्रकाशाची दिशा हे सगळं दोन्हीकडे तेच आहे, शिकलेलं वाया जात नाही. आणि लेन्स. निकॉनचा एफ माउंट (लेन्स बसवायचा जोड) १९५९ पासून आहे, कॅननचा ईएफ १९८७ पासून, एवढ्या वर्षांच्या लेन्स जगात पडून आहेत आणि लोक मिररलेसला जाताना त्या काढून टाकतायत. नवीन पैसे घालणार असाल तर दोन्ही हातात घेऊन बघा. ताईंना घरातून आयता मिळालाय, त्यांनी तो झिजेपर्यंत वापरावा.

फक्त जुनी लेन्स घेताना एक बघा. निकॉनच्या डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या बॉडीत फोकसची मोटर नाही, त्यामुळे ऑटोफोकस हवा असेल तर लेन्सवर एएफ-एस किंवा एएफ-पी लिहिलेलं हवं. नुसतं एएफ किंवा एएफ-डी असेल तर लेन्स बसेल, फोटो निघेल पण फोकस हाताने करावा लागेल. एएफ-पी सुद्धा काही जुन्या बॉडींवर चालत नाही, तेव्हा आपलं मॉडेल बघून घ्या. कॅननच्या ईएफ लेन्समध्ये मोटर लेन्सच्या आतच असते, तिथे हा प्रश्न नाही.

खिडकीजवळ

मंडळी, आठ दिवसांनी लिहितेय, मुद्दाम थांबले, सगळं करून बघितल्यावरच लिहायचं ठरवलं होतं.

एस मोड, १/२५०, ऑटो आयएसओ ६४०० पर्यंत, झूम १८ ला, मधला पॉइंट, एएफ-सी. आणि जमिनीवर बसले. पहिल्या संध्याकाळी चाळीस काढले त्यातले अकरा स्पष्ट आले. अकरा! त्यातला एक सांगते, भाचीने गादीवरून उडी मारलीय, दोन्ही पाय हवेत, तोंड उघडं, कपाळावरचे केस सगळे वर उडालेले आणि एक एक केस वेगळा दिसतोय. एका पायातला मोजा अर्धा निसटलाय आणि तो टाचेपासून लोंबतोय ते मला काढताना दिसलंच नव्हतं, त्या काळोखाच्या क्षणात झालं असणार ते. आयएसओ ५००० आहे, दाणे आहेत, कोणी एकानेही दाण्यांबद्दल विचारलं नाही. वहिनीने तो फोटो फोनवर मागून घेतला आणि सगळ्यांना पाठवला. वजनाबद्दल आता कोणी बोलत नाही.

जवळ जाण्याचा सल्ला मला सगळ्यात जास्त लागू पडला. दूरून झूम करत होते तेव्हा ती नुसती समोरून पळणारी एक वस्तू होती, जमिनीवर बसल्यावर ती माझ्याकडे पळत यायला लागली.

मग सकाळी आज्जीचा काढला. ती खिडकीत सुईत दोरा ओवत होती. ए मोड, ५५ एमएम, एफ ५.६, १/१६०, आयएसओ ४०० च. खिडकी तिच्या डावीकडे, त्यामुळे अर्धा चेहरा उजेडात आणि अर्धा सावलीत, बोटांवरच्या सुरकुत्या, आणि दोऱ्याचं टोक तिने ओठांत ओलं करून चपटं केलेलं, ते पण दिसतंय. मागची खोली काळी पडली होती ती मी उणे ०.७ करून मुद्दाम अजून काळी केली. अधिक-उणे बटण म्हणजे कमाल गोष्ट आहे, हे फोनवर पण असतं म्हणे पण मी कधी हात लावला नव्हता.

आता दोन नवीन प्रश्न. एक, आकाशाच्या फोटोत वरच्या कोपऱ्यात एक फिकट करडा ठिपका येतोय, प्रत्येक फोटोत त्याच जागी, एफ १६ ला काढले होते. व्ह्यूफाइंडरमध्ये पण एक काळा कण दिसतो पण तो दुसऱ्या जागी. दोन, आता खरंच लेन्स घ्यायची झाली तर ३५ एफ १.८ की ५० एफ १.८ (दोन्ही बिनझूमच्या, एफ १.८ पर्यंत उघडणाऱ्या)?

पाखरूवेडा

उडीचा फोटो आणि निसटलेला मोजा, वा! चाळिसात अकरा हे खूपच चांगलं आहे, पक्ष्यांमध्ये मला कित्येकदा तेवढे मिळत नाहीत.

ठिपका म्हणजे सेन्सरवरची धूळ. मोठ्या भोकाला तिची सावली पसरून नाहीशी होते, एफ ११, १६, २२ ला भोक लहान म्हणून सावली टोकदार होते आणि दिसते. मेनूत सेन्सर क्लीन असेल तर दोन-तीनदा चालवा, सेन्सर थरथरून धूळ पाडतो. नाही गेली तर रबराचा फुगा मिळतो हवा मारायचा, तो आणा. बॅटरी पूर्ण भरलेली हवी, लेन्स काढा, मेनूतून साफसफाईसाठी आरसा वर करा, कॅमेऱ्याचं तोंड खाली धरा आणि फुग्याचं टोक आत न घालता हवा मारा. तोंडाने फुंकर कधीच मारू नका, थुंकीचा शिंतोडा उडाला की मग तो पुसायला जाणकाराकडेच न्यावं लागतं. हातातला कपडा, कापूस काही लावू नका. व्ह्यूफाइंडरमधला कण वेगळा, तो वरच्या काचेवर किंवा पडद्यावर बसलेला असतो आणि फोटोत येत नाही, त्याच्या मागे लागू नका, तिथला पडदा नाजूक असतो, ओरखडा पडला तर कायमचा दिसत राहील. आणि इथून पुढे लेन्स बदलताना कॅमेरा बंद करून, तोंड खाली धरून, पंख्याखाली न बसता बदला.

साध्या आकाशाला एफ १६ ची गरज पण नाही. एफ ८ ला किट लेन्स सगळ्यात धारदार असते, त्याच्या पुढे १६, २२ ला उलट सगळा फोटो किंचित मऊ पडायला लागतो.

प्रकाशवाट

आज्जींचा फोटो वाचूनच डोळ्यासमोर आला. खिडकी डावीकडे ठेवून मागचं काळं करणं हे तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं, ते तुम्ही स्वतः बघितलंत.

लेन्सबद्दल, घरात काढणार असाल तर ३५. आपल्या लहान सेन्सरवर ५० म्हणजे फिल्मच्या हिशोबाने ७५-८०, छोट्या खोलीत भिंतीला पाठ टेकली तरी मूल पूर्ण मावत नाही. किट लेन्स ३५ ला साधारण एफ ४.५ पर्यंत उघडते, त्यामानाने १.८ म्हणजे सहा पट प्रकाश. किट लेन्सला ३५ वर जिथे आयएसओ ५००० लागेल तिथे ८०० पुरेल. फक्त १.८ ला फोकसची पट्टी फार बारीक असते हे धरून चाला. ५० एमएमने एक मीटरवरून एफ १.८ ला चेहरा काढला तर जेमतेम तीन सेंटीमीटर खोलीच स्पष्ट येते, एक डोळा येईल आणि दुसरा सुटेल. ३५ ला थोडं बरं, तरी पळणाऱ्या मुलासाठी मी २.८ ला ठेवते.

घ्यायच्या आधी एक करून बघा. किट लेन्सवर झूमच्या रिंगला ३५ चा आकडा लिहिलेला असतो, तिथे रिंग ठेवा आणि कागदी चिकटपट्टीचा तुकडा लावून टाका. आठ दिवस तशीच वापरा. मग पट्टी काढून ५० वर लावा आणि अजून आठ दिवस.

खिडकीजवळ

पट्टी लावली ३५ वर. आत्ता भाची विचारतेय कॅमेऱ्याला काय लागलं.